कोक्याच्या जंगलातला रस्ता

भंडाऱ्याचे नाव काढले की तलाव आणि धानाच्या बांध्या आठवतात. डोंगर सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. पण उत्तरेस तुमसर तालुक्यात सातपुड्याचे फाटे उतरले आहेत, तर पूर्वेस गायखुरीच्या टेकड्या आहेत. पायी चढण्याची हौस असेल त्याने तुमसरजवळचा आंबागड गाठावा. इ. स. १७०० च्या सुमाराचा, देवगडच्या गोंड राजवटीतला हा किल्ला. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट मात्र तेथे शोधू नका. या भागातले रूपांतरित खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी त्यांतच आहेत.

पूर्वेकडे कोका आणि नागझिरा अभयारण्यांत पायी भटकता येत नाही; तेथे गाडीतूनच पाहायचे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. कोका अभयारण्य २०१३ मधले, आणि त्याच वर्षी दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आली. ऐन, साग, तेंदू, मोह यांच्या रानातून रस्ता वळणे घेत जातो. चितळ, गवे, रानकुत्रे, आणि नशीब असेल तर मोहाच्या फुलांवर आलेले अस्वलही दिसते.

प्राणी रस्त्याकाठीच पुष्कळदा का दिसतात? रस्त्यामुळे झाडी उघडी पडते, ऊन जमिनीपर्यंत पोचते, गवत वाढते. चितळ त्या गवतासाठी येतात. दिवसभर तापलेला रस्ता सूर्यास्तानंतरही ऊब देतो, म्हणून साप त्यावर पसरतात, रातवा पक्षी बसून राहतो.

पण रात्री हेच घातक ठरते. चितळाच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो, त्यामुळे अंधुक उजेडातही चितळाला दिसते आणि दिव्याच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. अंधारात बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात. अशा डोळ्यांवर मोटारीचा झोत पडला की प्राणी दिपून जागीच थिजतो. पळावे कोठे, हे त्याला दिसतच नाही!

आतले रस्ते रात्री शांत असतात. खरा प्रश्न महामार्गाचा. मुंबई-कोलकाता महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून जातो. तरुण वाघाला मात्र नवा प्रदेश शोधावाच लागतो. 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिरा सोडून गावे, नद्या आणि महामार्ग ओलांडत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. त्याला वाट सापडली, पण प्रत्येक वाघाला सापडेलच असे नाही.

पेंचजवळ नागपूर-जबलपूर महामार्गावर यावर उपाय झाला आहे. तेथे रस्ताच खांबांवर उचलून खाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वर मालमोटारी धावत असताना खालून जाणारी चितळे टिपली गेली, रानकुत्रे टिपले गेले, आणि वाघही.