गेममधला असुर कोण?

साताऱ्यात किंवा सांगलीत संध्याकाळी कुठल्याही कट्ट्यावर चार पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. बीजीएमआय चालू असतो. त्यात आपलं पात्र मुलगा की मुलगी, रंग कोणता, हे खेळणाराच निवडतो. पण गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये नायक आधीच ठरलेला असतो, आणि पाश्चात्य गेममध्ये तो बराच काळ गोरा पुरुषच होता.

1996 मध्ये 'टूम्ब रेडर'ची लारा क्रॉफ्ट आली. नायिका मिळाली, पण तिचं शरीर घडवलं होतं पुरुष गिऱ्हाइकाच्या नजरेनं. 2004 च्या 'जीटीए सॅन अँड्रियास'चा सीजे कृष्णवर्णीय, पण गँगमधला. 2025 च्या 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'मध्ये यासुके हा आफ्रिकी सामुराई आणि नाओए ही जपानी मुलगी दोघं प्रमुख आहेत. जपानच्या गोष्टीत काळा माणूस कशाला, अशी जगभर ओरड झाली. यासुके सोळाव्या शतकात ओदा नोबुनागाच्या पदरी होता, तशी नोंद आहे. 2017 च्या 'निओ'मध्ये याच जपानात गोरा विल्यम नायक होता, तेव्हा एवढा आरडाओरडा कुणी केला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. भावाला सोडवायला निघालेली, सर्कशीत काम करणारी मुलगी त्याची नायिका आहे. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. मुलगी नायिका झाली याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिची गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि ती मारते ते असुर.

इथेच आमचं घोडं अडतं. नायक कोण, हा अर्धाच प्रश्न झाला. शत्रू कुणाला ठरवलं, हा उरलेला अर्धा. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी हीच गोष्ट उलटी वाचली: ज्याला असुर म्हटलं तो बळी शेतकऱ्यांचा राजा, आणि वामन आक्रमक. हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. वर्ण आणि जात एकत्र ठेवून बघायला आपल्याला बाहेरच्या कुणी शिकवलेलं नाही.

दुसरा नायक सांगली जिल्ह्यात आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग तरुण, मागे इंग्रज सरकार, वस्तीवर हजेरीचा जाच. गेम बनवणाऱ्याला आणखी काय हवं? हजेरीच्या वेळेआधी वस्तीत परत यायचं, हीच एक लेव्हल होईल. नायिका हवी असेल तर अण्णा भाऊंच्या 'वैजयंता', 'चित्रा', 'चंदन' आहेत.

आपल्यातली किती पोरं कोडिंग शिकतात! गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं. राहिला हक्कांचा मुद्दा. 'गुलामगिरी' केव्हाच खुली आहे. अण्णा भाऊ 1969 मध्ये गेले, म्हणजे साठ वर्षांच्या नियमानं त्यांचं लेखन 1 जानेवारी 2030 पासून खुलं होईल. तोवर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी लागेल.