बेपत्ता जवान आणि घरच्यांचा पाठपुरावा

छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. राज्यभरातून निवडून आलेली मुले इथे अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी करतात आणि त्यांतली अनेक जण पुढे अधिकारी होऊन सीमेवर जातात. छावणीमुळे लष्कराचा राबता या शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जवानाला निरोप कसा द्यायचा हे मराठवाड्यातल्या घरांना कळते, आणि तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव आले तर गाव कसे उभे राहते हेही कळते. पण या दोहोंच्या मधली एक अवस्था आहे, तिला ना निरोप आहे ना मानवंदना. पार्थिव मिळालेले नाही, शत्रू कैदी म्हणून कबूल करत नाही आणि फाइलवर शेरा पडतो: बेपत्ता.

अशा जवानासाठी कुणाला तरी सतत दारोदार फिरावे लागते. लष्कराच्या नोंदी, परराष्ट्र मंत्रालय, रेडक्रॉस, पलीकडच्या देशातले तुरुंग आणि इकडचे घर यांच्यामध्ये दुवा होऊन कागद पुढे सरकवत राहावे लागते. अमेरिकेत या कामासाठी सरकारी खाते आहे, त्यात अनुभवी मुलकी अधिकारी आहेत. आपल्याकडे १९७१ च्या युद्धानंतर हे काम केले ते प्रामुख्याने बायकांनी, वडिलांनी आणि भावांनी. त्या अर्धशतकाचा मागोवा घ्यायचा तर पहिले नाव एका मराठी घरातले येते.

५ डिसेंबर १९७१. हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सुखोई-७ विमाने पाकिस्तानातील शोरकोट रोड धावपट्टीवर हल्ल्यासाठी गेली. त्यांतले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान विमानवेधी तोफांच्या माऱ्यात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, माहेरच्या सुभेदार, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या पाकिस्तान ऑब्झर्व्हरमध्ये पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापून आली आणि त्यांतले एक नाव ‘टॉम्बे’ असे होते. घरच्यांनी हे कात्रण पुढे प्रत्येक निवेदनाला जोडले. शोधाच्या कामाचा पहिला धडा त्या एका कात्रणात आहे. नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, वडिलांचे नाव आणि शरीरावरची खूण यांचे टिपण पक्के नसेल, तर माणूस आधी कागदावरच हरवतो.

त्या युद्धात भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी आले. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आपले सहाशेवर युद्धकैदी मायदेशी परतले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कैदी छावणीची भिंत फोडून निसटले होते आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी, लंडी कोतलला, पकडले गेले होते. पळून जाऊन पकडला गेलेला माणूससुद्धा अखेर सुखरूप घरी येऊ शकला, कारण त्याचे नाव कैद्यांच्या यादीत होते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचा सगळा जोर या यादीवर आहे: पकडलेल्या देशाने नाव कळवायचे, रेडक्रॉसला भेटू द्यायचे, पत्रव्यवहार होऊ द्यायचा, लढाई थांबली की सोडायचे. यादीत नाव असलेले आले. नाव नसलेले आले नाहीत. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर पाकिस्तानी कैद्यांची पाठवणी सुरू झाली आणि एप्रिल १९७४ मध्ये जनरल नियाझींबरोबर ती संपली. सौदा करण्याजोगे हाताशी जे होते, ते तोवर हातातून गेले होते.

आणि मग पत्रे येऊ लागली. मेजर अशोक सुरी यांना सरकारने युद्धात मृत ठरवले होते. १९७४ च्या डिसेंबरात त्यांच्या वडिलांना, डॉ. आर. एस. सुरी यांना, मुलाच्या अक्षरातली एक चिठ्ठी मिळाली. १९७५ मध्ये कराचीहून दुसरे पत्र आले आणि आपल्यासारखे आणखी अधिकारी तिथे असल्याचे त्यात होते. हस्ताक्षर तपासले गेले, जुळले, आणि ‘मृत’ हा शेरा बदलून ‘बेपत्ता’ झाला. एका बापाने सरकारी शेरा बदलायला लावला, तोही हातातल्या दोन कागदांच्या बळावर. डॉ. सुरी पुढे बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांच्या संघटनेचे आधारस्तंभ झाले आणि मुलाची वाट पाहतच १९९९ मध्ये गेले. टाइम साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचे छायाचित्र होते, मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी तो चेहरा ओळखला. घोषही परतले नाहीत.

१९७९ मध्ये सरकारने लोकसभेत ४० जणांची यादी ठेवली. त्यात तांबे होते. नातेवाइकांच्या यादीत ५४ नावे होती आणि ‘५४ बेपत्ता’ हा शब्दप्रयोग तिथूनच रूढ झाला. अलीकडच्या संसदीय उत्तरांत सरकार ८३ बेपत्ता सैनिकांचा उल्लेख करते, त्यांत ६२ युद्धकैदी धरले आहेत. पाकिस्तानचे उत्तर ठरलेले आहे: आमच्याकडे कुणी नाही. आकडे जुळत नाहीत, कारण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या टेबलांवर याद्या झाल्या आणि त्या एकत्र लावून पाहणारे कायमस्वरूपी कार्यालय कधी उभेच राहिले नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये सहा नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले. कुणी सापडले नाही. त्यानंतर मोठी भेट व्हायला २००७ चा जून उजाडला. १४ नातेवाइकांचे शिष्टमंडळ दोन आठवडे पाकिस्तानातल्या तुरुंगांत फिरले. दमयंतीबाई त्यात होत्या. या दोन भेटींमध्ये २४ वर्षे गेली. विशीत पकडला गेलेला वैमानिक एव्हाना साठीकडे झुकलेला असणार, त्याला ओळखायचे कशावरून? नोंदवह्या उर्दूत आणि सिंधीत, समोर बसलेले बहुतेक नातेवाईक त्या लिपीला अनोळखी, आणि शोध घ्यायला दिलेले मोजके दिवस. जे काम प्रशिक्षित तपासनिसांनी, दुभाष्यांनी आणि अभिलेख जाणणाऱ्यांनी करायचे, ते थकल्या डोळ्यांच्या माणसांवर सोपवले गेले. हाती काही लागले नाही, यात त्या नातेवाइकांची कसूर कणभरही नाही.

दमयंतीबाईंनी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली, पुन्हा लग्न केले नाही आणि फाइल सोडली नाही. पंतप्रधान बदलले, मंत्री बदलले, सचिव निवृत्त झाले. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगण्याचे काम त्यांनी केले. सरकारच्या स्मरणशक्तीचे काम एका बाईने स्वतःच्या आयुष्यावर घेतले. त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. आणि म्हणूनच ती निष्ठा इतकी खर्ची पडावी लागली याचा मला संताप येतो.

अमेरिकेतही सुरुवात बायकांनीच केली. व्हिएतनाममध्ये पकडलेल्या वैमानिकांच्या पत्नींनी १९७० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी केली, सिबिल स्टॉकडेल त्यांच्या अग्रभागी होत्या. फरक पुढे पडला. त्या दबावातून १९९३ मध्ये संरक्षण खात्यात स्वतंत्र कार्यालय झाले, २०१५ मध्ये प्रयोगशाळेसह सगळे विभाग एका छत्राखाली आले. तिथे प्रत्येक कुटुंबाला बोलायला नेमलेला माणूस असतो, ठरावीक काळाने शहरोशहरी बैठका होतात, नातेवाइकांचे डीएनए नमुने घेऊन ठेवले जातात. दुसऱ्या महायुद्धात अरुणाचलच्या डोंगरांत कोसळलेल्या विमानांतील वैमानिकांसाठी त्यांची पथके भारतात आली आणि २०२१ मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी या कामासाठी करारही झाला. म्हणजे दुसऱ्यांचे हरवलेले शोधायला लागणारी विद्या आपल्याच देशात शिकवली जाते आहे.

आपण प्रयत्नच केले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंडीगडहून लेहला निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. लष्कराच्या डोग्रा स्काउट्सनी त्या हिमनदीवर पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, ५६ वर्षांनी, आणखी चार पार्थिवे खाली आणून घरच्यांच्या स्वाधीन केली. लष्कर आपल्या माणसांना विसरत नाही याचा हा पुरावा आहे. जिथे प्रश्न बर्फाचा होता तिथे जवानांनी चिकाटीने तो सोडवला. जिथे प्रश्न दुसऱ्या देशाच्या तुरुंगाचा आणि कागदाचा होता, तिथे मुलकी यंत्रणेतला तसाच चिवट माणूस नव्हता.

तो असला तर काय घडते, हेही आपल्या भागाने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१६ ला धुळे जिल्ह्यातील बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे गेले. बातमी ऐकून त्यांच्या आजीने प्राण सोडला. त्या वेळी संरक्षण राज्यमंत्री होते धुळ्याचेच खासदार डॉ. सुभाष भामरे. लष्करी कारवाई महासंचालकांच्या पातळीवर विषय सतत हलता राहिला, घरच्यांना विचारायला हक्काचा माणूस होता, आणि २१ जानेवारी २०१७ ला चव्हाण वाघ्यावरून परतले. चार महिन्यांच्या आत.

दुसरे उदाहरण खुद्द या शहरातले आहे, मात्र सैनिकाचे नाही. रशीदपुऱ्यातील एक महिला पतीच्या नातेवाइकांना भेटायला लाहोरला गेली, तिथे पासपोर्ट हरवला आणि पुढची १८ वर्षे तिच्या नशिबी तुरुंगवास आला. सुटकेच्या वेळी प्रश्न एकच होता: ही बाई कोण, कुठली? इथल्या पोलिसांनी शोध घेतला, सिटी चौक ठाण्याच्या हद्दीत तिच्या नावावर घर असल्याची नोंद काढली आणि तसा अहवाल पुढे पाठवला. २६ जानेवारी २०२१ ला ती शहरात परतली. दोनच आठवड्यांनी हृदयविकाराच्या झटक्याने गेली. पण गेली ती आपल्या गावात. घराच्या एका नोंदीने जे साधले, ते आधी साधले असते तर तिला उरलेली वर्षे मिळाली असती.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. कोळी बांधवांची आणि सामान्य कैद्यांची नावे त्यांत येतात. १९७१ चे सैनिक त्यांत कधी आले नाहीत. आज ते सगळे हयात असतील असे त्यांचे नातेवाईकही म्हणत नाहीत. काही जण त्याच दिवशी विमानात किंवा मोर्च्यावर गेले असतील, काही कैदेत. घरच्यांना हवे आहे ते उत्तर. ते मिळवण्यासाठी संरक्षण आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांच्या वर हात पोहोचेल असे एक कायम मुलकी पद हवे. त्याच्याकडे सगळ्या याद्या एकत्र असाव्यात, भाषा जाणणारी माणसे असावीत आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी स्वतःहून जाण्याचे बंधन असावे.

तोवर आपण एवढे करू शकतो. मराठवाड्यात कुणाच्या घरातला जवान बेपत्ता असेल, तर त्याची पत्रे, छायाचित्रे, सेवा क्रमांक, दातांच्या वा जखमांच्या नोंदी एका जागी ठेवा आणि प्रती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. आईकडच्या नात्यातले, म्हणजे सख्खी भावंडे किंवा बहिणीची मुले हयात असतील, तर त्यांचे डीएनए नमुने जपले जावेत म्हणून लेखी मागणी करा. उद्या अवशेष सापडले तर ओळख पटवायला तेच उपयोगी पडतील, पत्नीचा नमुना तिथे चालत नाही. आणि घरात कुणी बेपत्ता नसेल, तरी आपल्या खासदाराला पत्र लिहून या पदाची मागणी करा. आजवर ती केवळ नातेवाइकांनी केली. आता ती आपण सर्वांनी करायला हवी.