खुब्याचे ऑपरेशन : आधीचे सहा आठवडे, नंतरचे तीन महिने

खुब्याचे दुखणे बहुधा दुसऱ्याच नावाने घरात शिरते. सांधा असतो जांघेच्या खोलीत, पण कळ उतरते मांडीतून थेट गुडघ्यापर्यंत. त्यामुळे कित्येक ज्येष्ठ मंडळी वर्षभर गुडघ्याला तेल चोळतात, पट्टा बांधतात आणि एक्स-रेसुद्धा गुडघ्याचाच काढून आणतात. खरी लक्षणे वेगळी असतात. पायाची नखे स्वतःला कापता येईनाशी होतात, मोजा चढवताना कोणाला तरी हाक मारावी लागते, रिक्षातून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो. मांडी घालून बसणे तर त्याआधीच सुटलेले असते. फक्त ते सुटले हे कोणी बोलून दाखवत नाही.

हा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील वाटीत फिरते आणि दोहोंवरील गुळगुळीत कूर्चेमुळे ते सहज फिरते. वयोमानाने कूर्चा झिजली की हाडावर हाड घासू लागते. काही जणांच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो आणि हाड आतून मरते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, मद्यपान आणि सिकलसेल ही त्याची ठळक कारणे. शस्त्रक्रियेत खराब गोळा काढून धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात आणि वाटीला बहुधा विशिष्ट प्लास्टिकचे अस्तर देतात. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये घातला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या, रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले आणि टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी चार्नली यांनी त्याचा अंश स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. अशा शिस्तीतून उभी राहिलेली ही शस्त्रक्रिया पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये शतकातील शस्त्रक्रिया म्हणून गौरवली. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने हा आकडा ध्यानात ठेवावा. ‘सांधा पुन्हा बदलावा लागेल’ या भीतीने दुखणे दहा वर्षे ओढत नेणे त्या वयात सहसा हिशेबात बसत नाही.

मराठी घरांत सांधेरोपण म्हटले की अजूनही गुडघाच आठवतो. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. खुब्याची शस्त्रक्रिया गुडघ्याच्या मानाने रुग्णाला सोपी जाते, असे बहुतेक अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. वेदना लवकर ओसरते. मात्र निम्मे यश शस्त्रक्रियागृहाबाहेर ठरते, आणि वसई-विरारमध्ये ते बरेचसे जिन्यावर ठरते.

नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेकडील वस्त्यांत लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींच्या ओळीच्या ओळी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे ऑपरेशन मुंबईत उत्तम होते, चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडले जाते, आणि मग जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची आणून चौघे जण त्यांना उचलून वर नेतात. त्यानंतर त्या दोन महिने खाली उतरत नाहीत. हे टाळता येते. जिना चढणे हा रुग्णालयातल्या व्यायामाचाच भाग असतो. घरी किती पायऱ्या आहेत, कठडा डाव्या हाताला आहे की उजव्या, हे फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगितले तर तो तसाच सराव करून घेतो. नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कठडा हलत असेल तर सोसायटीला पत्र देऊन तो शस्त्रक्रियेआधीच घट्ट करून घ्यावा. पहिले काही आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल, तर ती घेण्यात संकोच नसावा.

घरात फार काही बदलावे लागत नाही, पण जे बदलायचे ते आधी. खुर्ची हातांची आणि उंच हवी; बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. सोफा बहुतेक वेळा नापास होतो. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवावी आणि शेजारच्या भिंतीत आधाराची दांडी. भारतीय पद्धतीचेच शौचालय असेल तर खुर्चीचा कमोड भाड्यानेही मिळतो. दारातली पायपुसणी, गालिचे आणि लोंबणाऱ्या वायरी उचलाव्यात. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत. वॉकर आधीच आणून घरात फिरवून पाहावा, कारण न्हाणीघराच्या अरुंद दारातून तो जात नाही हे ऑपरेशननंतर कळण्यात अर्थ नसतो.

ऋतूचाही विचार करावा. १० जुलै २०१८ रोजी वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्सप्रेस अडकली आणि प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यावे लागले. तेवढा पाऊस दरवर्षी होत नाही. तरी ओले जिने, तुंबलेले रस्ते आणि वीज गेल्यावर मध्येच थांबणारी लिफ्ट हे दरवर्षीचेच. चातुर्मासही त्याच काळात येतो. एकासने, उपवास, अठ्ठाई करून नंतर लगेच मोठ्या शस्त्रक्रियेला जाणे म्हणजे जखम भरायला लागणारी प्रथिनेच शरीराजवळ शिल्लक न ठेवणे. दुखणे थांबण्याजोगे असेल तर दिवाळीनंतरची तारीख या भागात सर्वांत सोयीची.

पडून मांडीच्या हाडाची मान मोडली असेल, तर मात्र यातले काहीच लागू नाही. तेथे ऋतू, मुहूर्त, परदेशातल्या मुलाचे विमान, कशासाठीही थांबू नये. प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत व्हावी, असाच वैद्यकीय आग्रह असतो. अंथरुणावर पडून राहिलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका दिवसागणिक वाढतो.

ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या आधीचे सहा आठवडे हे खरे भांडवल. मधुमेह आटोक्यात आणावा. किडलेले दात आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांवर उपचार करून घ्यावेत, कारण तेथून जंतू नव्या सांध्यात जाऊ शकतात. तंबाखू आणि मिश्री बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. शाकाहारी मंडळींनी हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. मूग, डाळी, दही, पनीर यांचे ताटातले प्रमाण वाढवावे. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम पलंगावर पडूनही होतात. आधी शिकलेला व्यायाम नंतर वेदनेतही आठवतो.

काही प्रश्न जैन कुटुंबांनी शल्यविशारदाला पहिल्याच भेटीत विचारावेत. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत दिले जाणारे एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनते. रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या कृत्रिमरीत्या तयार केलेल्या गोळ्या उपलब्ध आहेत आणि काही रुग्णांना अॅस्पिरिनही चालते. आपल्या रुग्णाला त्यांतले काय सुरक्षित, हे डॉक्टरच ठरवणार. कॅप्सूलच्या जिलेटिनचाही हाच प्रश्न. आयत्या वेळी वॉर्डात परिचारिकेशी हुज्जत घालून इंजेक्शन नाकारणे मात्र धोक्याचे आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा दिवसाउजेडी बसतील का, हे विचारावे; बऱ्याच औषधांचे वेळापत्रक तसे जुळते. सगळ्यांचे जुळत नाही. पहिल्या काही दिवसांत रात्रभर पाणी न घेणेही ठीक नाही. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत. महाराजसाहेबांकडून ते आधीच समजून घेतले की रुग्णाच्या मनावर ओझे राहत नाही.

आता कागदपत्रे. संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीचे आहे ना, वारस-नोंद झाली आहे ना, हे पाहावे. ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये असेल तर निवृत्तिवेतनधारकाने हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच द्यावा. ही सोय २०२१ पासून आहे. सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही, हेही तितकेच खरे. आरोग्य विम्यात दोन अटी बारकाईने वाचाव्यात. एक, सांधेरोपणाचा प्रतीक्षाकाळ. २०२४ च्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि अपघाताला लागू होत नाही. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत केवळ भाड्यातला फरकच नव्हे, तर शल्यविशारदाच्या शुल्कासकट अनेक रकमा त्याच प्रमाणात कापल्या जातात. सत्तर पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले आहे; आपले रुग्णालय आणि आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तेथील आरोग्यमित्राकडून पक्के करावे.

आणि एक कागद मुदतठेवीच्या पावतीइतका जपावा. बसवलेल्या प्रत्येक भागाच्या वेष्टनावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असलेले स्टिकर असते; त्याची प्रत डिस्चार्जच्या कागदांसोबत मागून घ्यावी. यामागे कडू अनुभव आहे. डिप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा एएसआर खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पुढे मागच लागला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले; पण भरपाई मागायची तर आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे आधी सिद्ध करावे लागते. दुखत कमरेने ज्यांना हे कळलेच नाही, त्यांच्यासाठी ते सूत्र कागदावरच राहिले.

रुग्णालयातले दिवस भराभर जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. घरी परतण्याचा प्रवास मात्र लांब वाटतो. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, आणि रस्त्याने यायचे तर खाडीपुलाच्या अलीकडची कोंडी ठरलेली. उंच गाडी घ्यावी, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून थोडी कलती करावी, खाली घट्ट उशी ठेवावी आणि तासाभराने थांबून पाय हलवावेत.

खरी परीक्षा घरी सुरू होते, आणि ती घरच्यांची असते. सून चहा पलंगावर आणून देते, मुलगा ‘उठू नका बाबा, मी आहे ना’ म्हणतो, भेटायला आलेले ‘आता भरपूर आराम’ असे बजावून जातात. आठ दिवसांच्या अशा प्रेमाने मांडीचे स्नायू असे काही ओसरतात की ते परत आणायला महिने लागतात. पाणी हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवावे आणि रुग्णाने वॉकरने तेथवर जावे. सोबतीला मागे उभे राहावे, उचलू नये. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालणे हे एकदाच दमेपर्यंत चालण्यापेक्षा बरे. पाठीमागून छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्या लागतात : कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे. कुशीवर झोपताना मांड्यांमध्ये उशी हवी. पुढून छेद घेतला असेल तर पथ्ये वेगळी असतात, म्हणून शेजाऱ्याचा कागद वापरू नये.

सामायिकाची ४८ मिनिटे खुर्चीवर करावीत, आणि सुरुवातीला तेवढा वेळ सलग बसणेही जमेलच असे नाही. बसल्या बसल्या घोटे हलवत राहावेत. गुडघे टेकून खमासमण, वज्रासन, जमिनीवरची पंगत यांबद्दल डॉक्टरांची मते सारखी नाहीत. पुष्कळ जण ते कायमचे सोडायला सांगतात, काही जण नव्या प्रकारच्या सांध्यात वर्षभरानंतर मर्यादित मुभा देतात. आपल्या डॉक्टरांचे उत्तर लिहून घ्यावे. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या माणसाला खुर्चीची लाज वाटते, हे घरच्यांनी ओळखायला हवे. उपाश्रयांत मागच्या बाजूला खुर्च्यांची रांग आता सर्वत्र दिसते.

पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, जखमेतून पाणी येणे, ताप, किंवा एकदम तीव्र कळ येऊन पाय आखूड वाटणे यांपैकी काहीही झाले तर सोमवारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नाही झाले, तर सुमारे दोन आठवड्यांनी टाके निघतात, दीड महिन्याच्या आसपास वॉकरची जागा काठी घेते. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. निम्मी मंडळी ती उलट धरतात. तिसऱ्या महिन्यात बहुतेकांना बाजारापर्यंत जाता येते. लोकलला मात्र घाई नको. विरारहून सुटणारी गाडी, दुपारची रिकामी वेळ, सोबत एक माणूस, आणि फलाट व डब्यातील फट ओलांडताना आधी दांडा पकडून मग पाय.