हेक्स म्हणे दोन ओळींचं काम

जावा १९९५ सालापासून वापरात आहे. पण बाइट्सचं हेक्स करून देणारा आणि हेक्स वाचून पुन्हा बाइट्स देणारा साधासरळ वर्ग तिच्या मूळ लायब्ररीत आला तो थेट जावा १७ बरोबर, सप्टेंबर २०२१ मध्ये. नाव हेक्सफॉरमॅट. तो आल्यावर अनेकांनी नाक मुरडलं: एवढ्याशा कामाला वेगळा वर्ग कशाला, दोन ओळींत होतं की!

त्या दोन ओळी नेमक्या कोणत्या, ते बघू. बहुतेक जण फिरवतात एक लूप आणि प्रत्येक बाइट देतात इंटिजरच्या टूहेक्सस्ट्रिंगला. जावाचा बाइट चिन्हांकित आहे, उणे १२८ ते १२७. त्यात २०० घातले की ते उणे ५६ होऊन बसतात. टूहेक्सस्ट्रिंगकडे जाताना त्याचा ३२ बिटांचा इंटिजर होतो, उणे चिन्ह पुढच्या २४ बिटांत पसरतं आणि 'सी८' ऐवजी हाती येतं सहा एफ आणि मग 'सी८'. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. कुणीतरी सांगतं, २५५ शी 'अँड' कर, आणि ती मिटते.

दुसरी चूक दिसत नाही. टूहेक्सस्ट्रिंगच्या लेखी आलेली गोष्ट म्हणजे एक संख्या, आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. त्यामुळे ५ चं '०५' न होता नुसतं '५' होतं. आता हेक्समधले ०१ आणि २३ हे दोन बाइट लिहा: '१२३'. १२ आणि ०३ लिहा: पुन्हा '१२३'. उलट वाचणाऱ्याने काय समजायचं? शा-२५६ चा हॅश ३२ बाइटांचा असतो. त्यातला एकही बाइट १६ पेक्षा लहान नसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, म्हणजे शंभरातले ८७ हॅश ६४ अक्षरांपेक्षा कमी भरणार. अख्खा हॅश एकच मोठी संख्या मानून छापणारी बिगइंटिजरची प्रसिद्ध एकोळी युक्ती यापेक्षा वाईट, कारण ती क्वचित फसते. तिथे फक्त सुरुवातीचं शून्य गळतं, सरासरी सोळा हॅशांमागे एकदा. चाचण्या पास होतात. दोन्ही बाजूंना तोच कोड असेल तर तुलनाही जुळते. पलीकडून दुसऱ्या कुणाच्या प्रणालीने काढलेला हॅश आला की मगच 'कधी कधी जुळत नाही' अशी तक्रार येते, आणि असली तक्रार शोधणं म्हणजे डोकेदुखी.

स्ट्रिंग-फॉरमॅटमध्ये रुंदी दोन, रिकाम्या जागी शून्य असं सांगितलं तर उत्तर बरोबर येतं, फक्त प्रत्येक बाइटला फॉरमॅटचं वर्णन नव्याने उलगडावं लागतं म्हणून ते संथ. अनेकांनी त्यापेक्षा एक्सएमएलच्या कामासाठी असलेला डेटाटाइपकन्व्हर्टर उसना घेतला होता. जावा ११ ने, सप्टेंबर २०१८ मध्ये, तो ज्यात होता ते अख्खं मॉड्यूलच काढून टाकलं आणि बिनएक्सएमएलचे प्रोग्रॅमही कंपाइल होईनात.

हेक्सफॉरमॅट म्हणूनच दोन दारं वेगळी ठेवतो. बाइटांची ओळ हवी असेल तर फॉरमॅटहेक्स आणि पार्सहेक्स. तिथे दर बाइटला दोन अक्षरं, कमी नाही, जास्त नाही. संख्या हवी असेल तर टूहेक्सडिजिट्स आणि फ्रॉमहेक्सडिजिट्स. माझ्या मते या वर्गातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

वाचण्याच्या बाजूचा लाडका समज असा, की पार्सर जितका समजूतदार तितका चांगला. नोड-जेएसच्या बफरला हेक्स देताना मध्येच एखादं भलतं अक्षर आलं तर तो तिथेच थांबतो आणि तोवरचे बाइट निमूट परत करतो, एरर नाही. किल्लीची अर्धीच लांबी वाचली गेली तरी प्रोग्रॅम पुढे चालूच. जावाचा इंटिजर-पार्स दुसऱ्या टोकाला उदार: जोडीजोडीने तोडून त्याला दिलं तर 'अधिक एफ' हीसुद्धा त्याला वैध संख्या वाटते. आणि तो युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतो, आपले देवनागरीही. देवनागरीत १० लिहून पाया १६ सांगा, उत्तर सोळा! वय किंवा रक्कम वाचताना ही सोय छान आहे. हॅशमध्ये मात्र दोन वेगळ्या स्ट्रिंगांचे एकच बाइट होणं परवडत नाही. हेक्सफॉरमॅट लॅटिन अंक आणि ए ते एफ सोडून काही घेत नाही. विषम लांबी, मधली मोकळी जागा, शेवटची नवी ओळ, सगळ्यावर एक्सेप्शन. फाइलमधून वाचलेली ओळ आधी तुम्हीच साफ करायची.

अक्षर लहान की मोठं, यावर मात्र तो अडून बसत नाही. लिहिताना लहान, वाचताना दोन्ही चालतात. आरएफसी ४६४८ च्या बेस१६ तक्त्यात मोठी अक्षरं आहेत आणि ग्वावा लायब्ररीची बेस१६ तर सांगितल्याशिवाय लहान अक्षरं वाचतच नाही, त्यामुळे दोन लायब्रऱ्या एकत्र आल्या की खटके उडतात.

उपसर्गाबद्दलचा गोंधळ नेहमीचा. विथप्रीफिक्सला 'शून्य-एक्स' दिलं की तो अख्ख्या स्ट्रिंगच्या पुढे एकदाच लागेल असं वाटतं. तो लागतो प्रत्येक बाइटला. स्वल्पविरामाचा डिलिमिटर जोडला तर सी भाषेच्या ॲरेत चिकटवण्याजोगी यादी मिळते, कोलन दिला तर मॅक ॲड्रेस. जे लिहिताना लावलं तेच वाचताना तंतोतंत लागतं.

आणखी एक: विथअपरकेस बोलावून परत आलेली वस्तू हातात घेतली नाही, तर काहीच बदलत नाही. मूळ वस्तू अपरिवर्तनीय आहे, प्रत्येक 'विथ' नवी वस्तू देतो. त्यामुळेच एकच स्थिर वस्तू सगळ्या थ्रेडमध्ये बिनधास्त वापरता येते. जुन्या सिंपलडेटफॉरमॅटच्या बाबतीत हीच मुभा नव्हती.