भुलीच्या मॅडम

सकाळी ६.१० : मॅडम बॅग तपासतात. स्पायनलच्या २५ नंबरच्या सुया, औषधाच्या अँप्यूल, लॅरिंगोस्कोपचे सेल, तीन मापांच्या नळ्या, अंबू बॅग. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. तालुक्याच्या गावातली प्रसूतिगृहं बोलावतील तिकडे जायचं. केसचे ३००० रुपये, पेट्रोल आपलं. गाव त्यांना ‘भुलीच्या मॅडम’ म्हणतं.

६.४५ : पहिलं थिएटर. गुरुजींच्या चिठ्ठीवर ७.२२ चा मुहूर्त लिहिलाय. पहिलं बाळंतपण सिझर, म्हणून हेही सिझर. आधीच्या सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं, पुष्कळींचं होतंही. पण आतला जुना टाका उसवण्याची थोडी भीती असते. उसवलाच तर काही मिनिटांत पोट उघडायला माणसं हजर लागतात. इथे एक डॉक्टर, दोन सिस्टर. मग तारीखच ठरवून टाकायची. बाई पाठ वाकवून बसते. मॅडम बोटांनी मणके चाचपतात, सुई घालतात. पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. दोन मिलीच्या आसपास औषध जातं. बाईला आडवं करून उजव्या कुशीखाली उशी, आणि मॅडमची नजर बीपीवर. ७.२४ ला बाळ रडलं. वरची दोन मिनिटं कुणी मोजली नाहीत.

९.३० : एक हर्निया. तासाभरात मोकळं.

दुपारी १२.४० : दुसरं प्रसूतिगृह. पहिलटकरीण, पहाटेपासून कळा, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर. पूर्वी इथून पुढे तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं, असा दंडक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जोराच्या कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरवर नेली आणि तासाचा हिशोब सोडा म्हणून सांगितलं. डॉक्टरांना हे ठाऊक आहे. पण बाहेर ओपीडी भरलीय, रात्री ठोके ऐकत बसायला दुसरं कुणी नाही, आणि सासूबाई दारातून हलत नाहीत. “डॉक्टर, पोरीचे हाल बघवत नाहीत. करून टाका काय ते.” मला या डॉक्टरांचा राग येत नाही. दोन जिवांची जबाबदारी घेऊन एकट्याने किती रात्री जागायचं? १.१५ ला सिझर.

४.०० : डबा. पोळी-भाजी गाडीतच. मॅडम स्टेशन रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंबद्दल सांगतात. तिथे मुरलेल्या तीन सिस्टर पाळीने बसतात. दर अर्ध्या तासाला ठोके ऐकायचे, तक्त्यावर टिंब मारायचं, बाईला चालवायचं, पाणी पाजायचं. तिथून मॅडमना क्वचितच फोन येतो. “त्यांच्यावर माझं घर चालायचं नाही,” त्या हसून म्हणतात. नॉर्मलला भूलतज्ज्ञ लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारीत १४.३ टक्के. खासगीच्या त्या सरासरीत दुपारचं प्रसूतिगृह आहे, तशा स्टेशन रोडच्या बाईही आहेत.

रात्री ८.५० : तिसरं थिएटर. टाके घालणं चालू आहे. मॅडमचा फोन वाजतो. उपजिल्हा रुग्णालयातली सिस्टर. तिथली भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. “मॅडम, तोंड पूर्ण उघडलंय, पण डोकं खाली सरकेना. येताय का?” टेबलावरची बाई सोडून निघता येत नाही. “पाऊण तास तरी लागेल.” बाहेरून तज्ज्ञ बोलवायला जननी सुरक्षा योजनेत १५०० रुपयांची तरतूद केलेली होती, म्हणजे इथल्या निम्मे. तरी मॅडम जातात. आज जमणार नव्हतं.

९.०५ : तिकडे १०८ आली. सोबत आशाताई, हातात कागदांची पिशवी. जिल्ह्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. पोचल्यावर सिझर मोफत, सात दिवस जेवणही मोफत. ते सिझर जिल्हा रुग्णालयाच्या आकड्यात धरलं जाईल. उपजिल्हा रुग्णालयाच्या रजिस्टरात या बाईच्या नावापुढे फक्त ‘रेफर’ लिहिलंय, आणि आजच्या सिझरच्या रकान्यात शून्य.