डासांचं जग (भाग ७) : शेंड्यावरचा डास खाली कसा येतो?

डासाची अळी पाण्यात वाढते, हे मागच्या भागात पाहिलं. पण मादी चावायला त्याच उंचीवर राहील असं नाही. दाट जंगलात जमिनीलगत सावली, ओल आणि पडलेली हवा असते, तर शेंड्याकडे ऊन, वारा, माकडं आणि पक्षी असतात. प्रत्येक जातीची मादी रक्तासाठी आपली उंची आणि वेळ धरून असते. त्यामुळे एकाच झाडाखाली आणि झाडावर वेगवेगळे डास सापडतात.

युगांडात अलेक्झांडर हॅडो आणि सहकाऱ्यांनी झाडांवर मचाणं बांधून, पुढे पोलादी मनोऱ्यावरून, वेगवेगळ्या उंचीवर डास पकडले. तिथल्या झिका जंगलात १९४७ साली मचाणावरच्या पिंजऱ्यातल्या माकडात झिका विषाणू सापडला. पुढच्याच वर्षी तो एडिस आफ्रिकॅनस या शेंड्याकडे चावणाऱ्या डासात मिळाला. पीतज्वराची साखळीही युगांडातच उलगडली. शेंड्यावर माकडाला लागण होते, माकड केळीच्या बागेत उतरतं, केळीच्या पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात वाढलेला दुसरा डास त्याला चावतो आणि मग माणसाला.

कोलंबियाचे डॉक्टर होर्हे बोशेल यांना वेगळी वाट दिसली. लाकूडतोड्यांनी झाड पाडलं की शेंड्यावरचे निळसर चमकणारे हेमॅगोगस डास फांद्यांबरोबर खाली येत आणि माणसांना चावत. रानातला पीतज्वर तिथे काम करणाऱ्यांनाच का गाठतो, याचं उत्तर त्यात होतं. हेच बोशेल पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातर्फे, म्हणजे आजच्या एनआयव्हीतर्फे, शिमोग्याच्या जंगलात माकडतापावर काम करत होते. तो रोग गोचिडीतून पसरतो, डासातून नाही. पण जंगल तोडून आत गुरं चारली की माणूस आणि रोग जवळ येतात, हे त्यांनी तिथेही मांडलं.

आपल्याकडे पीतज्वर नाही, पण धडा लागू आहे. बोईसर-तारापूर पट्ट्यात पाम, टेंभीसारख्या गावांलगत कारखाने आले आणि वस्ती झाडांना भिडली. अशा सीमेवर एडिस अल्बोपिक्टस फोफावतो. मुळात तो आशियाई जंगलातल्या झाडांच्या ढोलीत वाढणारा डास. आता त्याला करवंटी, बांबूचा खुंट, जुना टायर काहीही चालतं. तो दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकनगुनिया पसरवू शकतो.

इथे फवारणीचं गणित बदलतं. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस घराच्या, गोठ्याच्या भिंतीवर विसावतो, म्हणून भिंतीवरचं औषध त्याला मारतं. अल्बोपिक्टस बाहेर झुडपांत विसावतो. भिंतीचं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला पाण्यातच अडवावं लागतं.

म्हणून वाडीत फिरताना फक्त पायाजवळ पाहू नका. हाताला येणारी ढोली माती-वाळूने भरा, बांबू पेराजवळ छाटा म्हणजे पाणी साचायला पोकळी उरणार नाही, करवंट्या पालथ्या घाला. घराच्या पन्हळी आणि गच्चीवरच्या टाक्या आठवड्यातून एकदा तपासा; अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. उंचीवरचं पाणी नजरेआड राहतं, म्हणूनच ते मुद्दाम शोधायला हवं.

पुढच्या भागात : खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारे डास.