पट्ट्यांवरची गिटार

१९८८ साली अकाईचा एस१००० सॅम्प्लर, म्हणजे मुद्रित आवाज पट्ट्यांवरून वाजवणारं यंत्र, आला तेव्हा त्यात मूळची मेमरी होती २ मेगाबाइट. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज त्यात जेमतेम २३ सेकंद मावायचा. गिटारची खालची तार तर एकदा छेडली की कितीतरी वेळ घुमत राहते. मग थोडेच स्वर ध्वनिमुद्रित करायचे, ते शेजारच्या पट्ट्यांवर ताणायचे आणि स्वराच्या शेपटाचा लूप करायचा, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा. स्वर फार वर ताणला की लाकडी पेटीची घुमारही वर सरकते आणि गिटार आकसल्यासारखी वाटते.

१९९१च्या जनरल मिडी या प्रमाणाने १२८ आवाजांपैकी ८ गिटारला दिले, क्रमांक २५ ते ३२. त्यात म्यूटेड आणि हार्मोनिक्स ही जणू वेगळी वाद्यं! गिटारवादक हा बदल एकाच ओळीत, हातासरशी करतो. यावरचा तोडगा मला फार आवडतो. गिटार खालच्या ‘ई’वर संपते, कीबोर्डच्या त्याखालच्या पट्ट्या मोकळ्याच असतात. त्या वादनाचा प्रकार बदलायला वापरल्या. हेच कीस्विच.

१९९८च्या गिगासॅम्प्लर या सॉफ्टवेअरने स्वराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवून उरलेला भाग हार्ड डिस्कवरून वाजवला. जागेची चणचण मिटली. तारेगणिक, पडद्यागणिक, एकाच स्वराचे कित्येक आघात मुद्रित होऊ लागले, म्हणजे तोच स्वर भराभर वाजवला तरी मशीनगन ऐकू येत नाही.

तरी हात कीबोर्डवाल्याचाच. तो सी-ई-जी जवळजवळ दाबतो. गिटारवर तोच कॉर्ड सी-ई-जी-सी-ई असा पाच तारांवर पसरतो, तोही एकामागून एक. पुढे कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअर सॅम्प्लरमध्ये स्क्रिप्ट लिहिता येऊ लागल्यावर हे भाषांतर यंत्राकडे गेलं. मोकळ्या पहिल्या तारेचा ‘ई’ दुसरीच्या पाचव्या पडद्यावर आणि तिसरीच्या नवव्यावरही मिळतो; कुठला घ्यायचा, हे आधीचा स्वर पाहून ठरवायचं. पिच बेंडचं चाक सगळेच स्वर वाकवतं, गिटारवादक मात्र एखादीच तार ओढतो. तारेगणिक वेगळं मिडी चॅनेल देण्याची युक्ती जुनी; २०१८मध्ये एमपीई, म्हणजे स्वरागणिक चॅनेल देणारी मिडीची पद्धत, प्रमाणित झाल्यावर स्वरागणिक बेंड रुळला.

तयार स्ट्रमिंगचे पॅटर्न घाईत पार्श्वसंगीत करणाऱ्याला उपयोगी आहेत. रंगमंचावर ते मला खटकतात. वादक नुसता कॉर्ड धरून उभा राहतो.

बोटं तारेवरून सरकतानाची चिरचिर पूर्वी काढून टाकत. आता ती वेगळी मुद्रित करून तिला स्वतंत्र नॉब देतात. ती शून्यावर नेऊ नये, पण प्रत्येक स्वरामागेही वाजू नये. हात जागा बदलेल तिथेच हवी.